ऑनलाइन सेवांवर खरोखर अनोळखी संगीत कसे शोधावे?

रविवारची_मैफल (मिरज)

नमस्कार मंडळी,

माझे कान हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत, नाट्यसंगीत आणि जुनी भावगीते यांवर पोसलेले आहेत. निवृत्तीनंतर वेळ हाताशी आला, म्हणून एका ऑनलाइन संगीतसेवेचे वर्षभराचे सदस्यत्व घेतले. ज्या देशांचे संगीत आकाशवाणीवर कधी कानी पडले नाही आणि ज्यांच्या ध्वनिमुद्रिका सांगली-मिरजेच्या दुकानांत कधी आल्या नाहीत, ते आता निवांत ऐकावे, एवढाच त्यामागे हेतू होता. प्रत्यक्षात मारवा राग ऐकला की सेवा मला पूरिया सुचवते, एका गायिकेचा भूप संपला की दुसऱ्या गायिकेचा भूप आपोआप सुरू होतो, आणि या सगळ्यात तक्रार करण्यासारखे काही नसले तरी मी जिथे होतो तिथेच राहतो. ‘जागतिक संगीत’ अशा नावाची तयार यादी उघडली, तर तिच्यात झोप लागावी म्हणून केलेली बासरी, पावसाचा आवाज आणि त्यावर पसरलेला सिंथेसायझर निघाला. हे कोणत्या देशाचे संगीत, हे शेवटपर्यंत कळले नाही.

सेवेच्या शिफारशींनाच वळण लावून अनोळखी प्रदेशात शिरता येते का, की तो नाद सोडून वेगळी वाट धरावी, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा, की राग-तालाची सवय असलेल्या माणसाने सुरुवात कुठून करावी? भाषा समजली नाही तरी चालेल, परंतु ऐकताना कान कशावर तरी टेकला पाहिजे.

संगणक_आणि_स्वर (पुणे)

आपल्या सेवेत काही बिघाड आहे असे नाही. ती ज्या कामासाठी उभारली आहे, ते काम ती चोख करते आहे. लक्षावधी श्रोत्यांनी काय काय एकत्र ऐकले, कोणती गाणी एका यादीत ठेवली आणि कोणते गाणे अर्ध्यावर सोडले, याच्या नोंदी ताडून पाहायच्या आणि ज्यांच्या नोंदी आपल्या नोंदींशी जुळतात त्यांनी ऐकलेले, पण आपण न ऐकलेले गाणे आपल्यापुढे ठेवायचे, हा बहुतेक शिफारशींचा मुख्य आधार असतो. जोडीला लय, पट्टी, आवाजाचा पोत यांचे यांत्रिक विश्लेषणही होते, पण भार श्रोत्यांच्या नोंदींवर असतो. मारवा ऐकणारे हजारो लोक पूरियाही ऐकतात, म्हणून तो दुवा यंत्रणेला ठळक दिसतो. मारवा आणि, उदाहरणार्थ, पश्चिम आफ्रिकेतले कोरा हे तंतुवाद्य ही दोन्ही ऐकणारे इतके थोडे असतात की तो दुवा तिच्या लेखी अस्तित्वातच नसतो. ज्या मुद्रणाला श्रोते नाहीत त्याची नोंद नाही, नोंद नाही म्हणून शिफारस नाही, आणि शिफारस नाही म्हणून श्रोते नाहीत, असे हे चक्र आहे.

यावर वेगळे उपाय झालेले आहेत. पॅन्डोरा या अमेरिकी सेवेने संगीत जाणणारी माणसे नेमून प्रत्येक गाण्याची शेकडो लक्षणे हाताने नोंदवली. ती सेवा भारतात मिळत नाही. ‘एव्हरी नॉइज ॲट वन्स’ या संकेतस्थळाने जगातल्या सहा हजारांहून अधिक संगीतप्रकारांचा नकाशा मांडला होता. तो सांभाळणाऱ्या अभियंत्याला स्पॉटिफायने डिसेंबर 2023 मधील नोकरकपातीत कमी केले आणि नकाशाची भर थांबली, पण जे आहे ते अजून उघडून ऐकता येते. कोणत्याही प्रकाराच्या नावावर टिचकी मारली की नमुना वाजतो.

व्यवहारातले सांगायचे तर नव्या शोधासाठी वेगळे खाते किंवा वेगळे प्रोफाइल उघडावे, गाणे संपल्यावर पुढचे आपोआप वाजण्याची सोय बंद करावी, आणि त्या खात्यात एकही मराठी किंवा हिंदुस्थानी चीज वाजवू नये. तिथे चार-पाच अनोळखी कलाकार पूर्ण ऐकले, अर्ध्यावर सोडले नाहीत, तर तीच यंत्रणा त्यांच्या शेजारचे कलाकार बऱ्यापैकी शोधून देते. पहिले नाव मात्र आपल्यालाच बाहेरून आणावे लागते.

कोमल_रिषभ (नाशिक)

ते पहिले नाव मी देतो. आपण इथिओपियापासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवीन. तिथल्या संगीताचा पाया पाच स्वरांच्या काही ठरावीक मांडण्यांवर आहे आणि त्यांतल्या काही मांडण्या आपल्याला नावानिशी ओळखता येतील. तिझिता नावाच्या मांडणीचा शुद्ध स्वरांचा प्रकार म्हणजे सा रे ग प ध, म्हणजे भूपाचेच स्वर. अंबासेलमध्ये कोमल रिषभ, शुद्ध मध्यम, पंचम आणि कोमल धैवत येतात, म्हणजे आपली गुणक्री. बातीचा कोमल स्वरांचा प्रकार धानीच्या स्वरांवर उभा आहे. चौथी मांडणी अंचिहोये. तिच्यात कोमल रिषभानंतर शुद्ध मध्यम, त्याला लागूनच तीव्र मध्यम आणि मग शुद्ध धैवत असल्यामुळे आपला कान पंचमाची जागा शोधत राहतो आणि ती सापडत नाही. आपल्याला अनोळखी हवे आहे ना, ते इथे आहे. ठेक्याचेही असेच आहे. तिथली पुष्कळ गाणी सहा मात्रांत चालतात, त्यामुळे दादऱ्याची सवय असलेल्या माणसाला पाय धरायला अडचण येत नाही, पण वजन कुठे पडते हे ओळखायला थोडा वेळ लागतो.

ऐकायचे काय? पॅरिसच्या बुदा म्युझिक या लेबलने, म्हणजे ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीने, 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्सिस फालसेतो यांच्या संपादनाखाली ‘एथिओपिक्स’ ही मालिका सुरू केली आणि तिचे पंचवीसहून अधिक भाग निघाले. पुष्कळसे भाग मोठ्या सेवांवर आहेत. चौथ्या भागात मुलातू अस्तात्के आहेत. 1943 मध्ये जिम्मा इथे जन्मलेला हा माणूस ब्रिटनमध्ये आणि पुढे बॉस्टनच्या बर्कली संगीतसंस्थेत शिकला, व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांचे वाद्य वाजवू लागला आणि आपल्या देशातल्या पाच स्वरांवर त्याने जॅझची हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची जुळणी, बसवली. हे गायनाविना आहे, त्यामुळे नवख्या श्रोत्याला सोपे जाते. सातव्या भागात महमूद अहमद यांचे गाणे आहे. त्यांच्या आवाजातली कंपने आणि स्वराला बगल देऊन येण्याची रीत ऐकताना, ही गायकी कोणी लिहून ठेवू शकणार नाही, हे लगेच जाणवते. एकविसावा भाग एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू यांच्या पियानोचा आहे. 1923 मध्ये जन्मलेल्या या जोगिणीने आयुष्याची शेवटची दशके जेरुसलेममधल्या इथिओपियन मठात काढली आणि 2023 मध्ये तिथेच देह ठेवला. तिचा पियानो कोणत्याही ठेक्याला बांधलेला वाटत नाही.

आपण मिरजेचे आहात, म्हणून अकरावा भाग खास आपल्यासाठी. त्यात अलेमू आगा यांची बेगेना आहे. बेगेना हे दहा तारांचे, माणसाच्या छातीपर्यंत येणारे मोठे तंतुवाद्य. ते ख्रिस्ती उपासनेतले, विशेषतः ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासकाळातले वाद्य आहे. प्रत्येक तार आणि ती जिच्यावर टेकते ती घोडी यांच्यामध्ये चामड्याची बारीक पट्टी अडकवलेली असते, त्यामुळे तार नुसती वाजत नाही, ती गुणगुणते. तानपुऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी, म्हणजे हीच गुणगुण, मिळवणाऱ्या गावाला हे अधिक काही समजावून सांगायला नको.

एवढे ऐकून झाल्यावर पितळी वाद्यांचा भरणा का, असा प्रश्न मनात येईल. 1924 मध्ये तेव्हाचे राजप्रतिनिधी रास तफारी, म्हणजे पुढचे सम्राट हैले सेलासी, जेरुसलेमला गेले असताना तिथल्या चाळीस अनाथ आर्मेनियन मुलांचे बँडपथक त्यांनी पाहिले आणि ते राजधानी अदिस अबाबाला आणले. त्या पथकाचे संगीतदिग्दर्शक केव्होर्क नालबंदियान यांनीच पुढे देशाच्या तेव्हाच्या राष्ट्रगीताची चाल बांधली. लष्कर, पोलीस आणि सम्राटाचे अंगरक्षक यांची बँडपथके ही नंतर कित्येक वर्षे गायक-वादकांची शाळा ठरली. महमूद अहमद स्वतः अंगरक्षकदलाच्या बँडमध्ये गायले आहेत. 1974 मध्ये सम्राटांना पदच्युत करून लष्करी राजवट आली, रात्रीची संचारबंदी लागली, आणि अदिसच्या हॉटेलांमधले ते रात्रीचे संगीत जवळजवळ बंद पडले. आज आपल्याला सेवेवर जे मिळते ते बहुतांशी त्याआधीच्या पाच-सहा वर्षांत निघालेल्या तबकड्यांमधले आहे.

ठाय_लय (कोल्हापूर)

वरील माहिती मोलाची आहे, मात्र तिच्यातल्या एका गोष्टीला माझा विरोध आहे. पाच स्वर जुळले म्हणजे राग जुळला असे होत नाही, हे कोमल_रिषभ यांना माझ्याइतकेच ठाऊक असणार. भूप आणि देशकार यांचे स्वर एकच आहेत. एकात गांधार बोलतो, दुसऱ्यात धैवत, आणि तेवढ्यावर दोन वेगळी विश्वे उभी राहतात. मग अदिस अबाबातल्या गायकाला भूपाच्या चौकटीत बसवून आपण नेमके काय ऐकणार? त्याच्या गाण्यात वादी-संवादी, म्हणजे रागातले प्रमुख स्वर, नाहीत, आलापीची बढत नाही, षड्जावर परतण्याची आपली ओढ नाही. आपण भूप शोधत बसलो तर तिथे नसलेल्या गोष्टींची यादी हाती येईल आणि असलेल्या गोष्टी निसटतील. अनोळखी संगीत ऐकताना सरगम मनात लिहू नये, अशी माझी विनंती आहे. एकच ध्वनिमुद्रण आठवडाभर ऐकावे, दुसरे काही ऐकू नये, आणि मग त्याविषयी वाचावे. ऑनलाइन सेवेची खरी अडचण अशी की ती एक ऐकून होण्याआधी दुसऱ्या दहांची चित्रे डोळ्यांसमोर धरते.

कोमल_रिषभ (नाशिक)

आपला मुद्दा मान्य आहे, परंतु त्यांनी कान टेकायला जागा मागितली होती, ती मी दाखवली. तिथे किती वेळ टेकायचे हे त्यांचे त्यांनी ठरवावे. मीही तिझिता पहिल्यांदा भूप म्हणूनच ऐकला. पुढे तो भूप वाटेनासा झाला, आणि मजा तिथून सुरू झाली.

लघुलहरी (रत्नागिरी)

इतक्या चर्चेत रेडिओचे नाव कोणी काढले नाही, याचे आश्चर्य वाटते. लघुलहरींवर रात्री काटा फिरवून परके देश ऐकण्याचा छंद ज्यांना होता, त्यांच्यासाठी ‘रेडिओ गार्डन’ हे संकेतस्थळ आहे. 2016 पासून ते चालू आहे. पडद्यावर पृथ्वीचा गोल फिरतो, त्यावरच्या प्रत्येक हिरव्या ठिपक्यामागे एखाद्या गावाचे केंद्र असते आणि ते त्या क्षणी जे प्रक्षेपित करत असेल ते ऐकू येते. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजतात तेव्हा अदिस अबाबात आठ आणि मालीच्या बामाकोत संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, हा हिशेब मनाशी ठेवला की आपण तिथल्या लोकांच्या कोणत्या वेळेत शिरतो आहोत हे समजते. तिथे जाहिराती आहेत, बातम्या आहेत, फुटबॉलचे धावते वर्णन आहे. मला ते आवडते, कारण माझ्यासाठी म्हणून निवडलेले त्यात काहीच नसते.

निवड हवी असेल तर फ्रान्सच्या सरकारी नभोवाणीचे ‘फिप’ हे केंद्र लावावे. 1971 पासून तिथे माणसे गाणी निवडतात, आणि एखाद्या फ्रेंच गाण्यानंतर मालीतला कोरा व त्यानंतर बाखची रचना असा क्रम लावताना त्यांना संकोच वाटत नाही. नुकतेच वाजलेले गाणे कोणाचे होते, हे त्यांच्या संकेतस्थळावर दिसते. वही जवळ ठेवा, आवडलेले नाव टिपून घ्या आणि सकाळी आपल्या सेवेवर शोधा. शिफारशी सुचवण्याचे काम सेवेवर सोडूच नये. तिच्याकडून फक्त मागितलेली ध्वनिमुद्रिका घ्यावी.

पोटोमॅककाठी (मेरीलँड, अमेरिका)

कोमल_रिषभ यांनी लिहिलेल्या हकिकतीचा पुढचा भाग मी राहतो त्या परिसरात घडला आहे. 1974 नंतर देश सोडलेल्या इथिओपियन लोकांपैकी फार मोठी संख्या वॉशिंग्टन आणि आसपासच्या गावांत स्थायिक झाली. सिल्व्हर स्प्रिंगमध्ये दुकानांच्या पाट्यांवर इथिओपियातल्या अम्हारी भाषेची अक्षरे सर्रास दिसतात. हैलू मेर्गिया हे वालियास बँडचे की-बोर्डवादक 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बँडबरोबर अमेरिकेत आले आणि इथेच राहिले. 1985 मध्ये त्यांनी ॲकॉर्डियन, इलेक्ट्रिक पियानो, सिंथेसायझर आणि तालयंत्र एवढ्याच सामग्रीवर एकट्याने एक कॅसेट मुद्रित केली. पुढे उपजीविकेसाठी ते विमानतळावर टॅक्सी चालवू लागले, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा गाडीतच सराव करत. ब्रायन शिमकोवित्झ हे अमेरिकी गृहस्थ ‘ऑसम टेप्स फ्रॉम आफ्रिका’ नावाचा ब्लॉग 2006 पासून चालवत होते आणि त्याच नावाचे लेबलही त्यांनी काढले होते. ती कॅसेट त्यांना इथिओपियात मिळाली, 2013 मध्ये त्यांनी ती पुन्हा प्रकाशित केली, आणि मेर्गिया साठी उलटल्यावर जगभर कार्यक्रम करू लागले. हे कोणत्याही यंत्रणेने सुचवलेले नव्हते. एका माणसाने कॅसेट उचलली, ऐकली, वादकाला शोधून काढले आणि त्याचे पैसे त्याला दिले.

म्हणून माझे सांगणे असे की लेबलांच्या मागे जावे. एखादे मुद्रण आवडले की ते कोणी प्रकाशित केले हे पाहावे आणि त्या लेबलची संपूर्ण सूची चाळावी. त्यासाठी बँडकॅम्प हे संकेतस्थळ मोठ्या सेवांपेक्षा सोयीचे आहे. तिथे प्रकाराच्या किंवा शहराच्या नावाने शोधता येते, बहुतेक ध्वनिमुद्रिका विकत घेण्यापूर्वी ऐकता येतात, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रिकेच्या पानावर ती विकत घेतलेल्या श्रोत्यांची लहान चित्रे असतात. त्यांतल्या कोणावरही टिचकी मारली की त्याचा संपूर्ण संग्रह दिसतो. बेगेना विकत घेणाऱ्या माणसाने आणखी काय विकत घेतले आहे, हे पाहण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या आहेत. पैसे मोजून घेतलेली गोष्ट आणि सहज वाजवून सोडलेली गोष्ट यांत फरक असतो, त्यामुळे या संग्रहांवर माझा अधिक विश्वास आहे. शिवाय विक्रीतला मोठा वाटा कलाकाराकडे जातो. मोठ्या सेवेवर एखादे गाणे वर्षात हजार वेळाही वाजले नाही तर स्पॉटिफायच्या 2024 पासूनच्या नियमानुसार त्याचे मानधन निघतच नाही, आणि आपण इथे ज्या प्रकारच्या संगीताबद्दल बोलतो आहोत त्यातले पुष्कळसे त्या मर्यादेच्या खाली असणार.

शोधताना एक खबरदारी घ्यावी. अम्हारी नावे रोमन लिपीत निरनिराळ्या प्रकारे लिहिली जातात, त्यामुळे एका वर्णलेखनाने काही मिळाले नाही तर दुसरे वापरून पाहावे. आणि तिथे आडनाव नसते. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते, त्यांच्याकडे तेच शेवटी येते. नुसते ‘अहमद’ किंवा ‘आगा’ टाकून शोधल्यास भलतेच लोक हाती लागतील.

रविवारची_मैफल (मिरज)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वेगळे प्रोफाइल उघडले, आपोआप वाजणे बंद केले आणि बेगेनापासून सुरुवात केली. आमच्या गल्लीत तानपुरे बनवणारे एक कारागीर आहेत, त्यांनाही बोलावून ऐकवले. त्यांनी पहिला प्रश्न केला तो घोडीच्या लाकडाविषयी, आणि दुसरा, चामडे दमट हवेत सैल पडत असेल तर काय करतात, याविषयी. दोन्हींची उत्तरे मला देता आली नाहीत. जवारी खुली आहे, पण आपल्यासारखी लांबत नाही, असे त्यांचे मत पडले. गायन मात्र आम्हाला दोघांनाही अपेक्षेपेक्षा फार शांत वाटले. ते जवळजवळ कुजबुजीच्या पट्टीत आहे.

मुलातू अस्तात्के यांचे संगीत मला तितके लागले नाही. ते सुंदर आहे, पण त्यातली हार्मनी मला सारखी वाटेवरून बाजूला नेते. ठाय_लय यांचा सल्ला पाळून मी महमूद अहमद यांचा भाग तेवढा ऐकतो आहे आणि सरगम लिहिण्याचा मोह अजून आवरत नाही. माझा पुढचा प्रश्न असा, की बँडचा साज चढण्याआधीचे, एखाद-दुसऱ्या वाद्यावरचे गाणे कुठे मिळेल? आपल्याकडच्या शाहिराप्रमाणे फिरता गायक तिथे आहे का?

पोटोमॅककाठी (मेरीलँड, अमेरिका)

आहे. त्याला अझमारी म्हणतात. त्याचे वाद्य मसिन्को, म्हणजे कातडे मढवलेल्या चौकोनी खोक्यावर घोड्याच्या केसांची एकच तार आणि ती वाजवायला गज. अझमारी समोर बसलेल्यांवर तिथल्या तिथे कवने रचतो, स्तुती करता करता चिमटा काढतो आणि ओळीचा दुसरा अर्थ जाणकारांसाठी राखून ठेवतो. तो दुसरा अर्थ आपल्याला भाषेअभावी कळणार नाही, हे धरून चालावे. श्रोत्यांच्या हशावरून तो कुठे आला तेवढे कळते.

‘एथिओपिक्स’ मालिकेचा दुसरा भाग 1990 च्या दशकातल्या शहरी अझमारींचा आहे. तो आधी ऐका. त्यानंतर स्मिथसोनियन फोकवेज या लेबलच्या संकेतस्थळावर जा. 1948 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या फोकवेजचा संग्रह 1987 मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आला. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांसोबतच्या माहितीपुस्तिका संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि पुष्कळदा त्यांत गाण्यांच्या ओळींचे भाषांतर व वाद्यांचे वर्णन असते. तुमच्या शेजारच्या कारागिरांसाठी तिथे वाद्यांविषयी आणखी काही सापडते का, तेही पाहा. घोडीच्या लाकडाचे मी इथल्या एका इथिओपियन वादकाला विचारून कळवतो.